नंतरची

१

दुपारी बाराला क्लबचं मागचं दार मी उघडायचे. किल्ली माझ्याकडे होती ती काही कुणाचा माझ्यावर फार विश्वास होता म्हणून नाही. सगळ्यांच्या आधी मीच पोचायचे म्हणून. तरण्या पोरी दोनच्या खेळाला पावणेदोनला येतात आणि केस विंचरत विंचरत खाली उतरतात. माझ्यासारखीचं अंग सैल व्हायलाच तासभर जातो.

कपडे बदलायची खोली स्टेजच्या बरोबर वर होती. लाकडी जमीन, सहा आरसे, प्रत्येकाभोवती बल्ब. त्यातले निम्मे गेलेले. मी माझ्या आरशाचे लावायचे, सतरंजीवर आडवी व्हायचे, डाव्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायचे आणि छताकडे बघत पडायचे. मग गुडघ्याला पट्टा. मग चेहरा. चेहऱ्याला पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता चाळीस. वय कागदावर एकेचाळीस, क्लबात चौतीस आणि स्टेजवर दिवे ठरवतील ते.

एकोणीस वर्षं मी हेच केलं. उंच टाचांचे बूट, मधोमध लोखंडी खांब, तीन गाणी आणि तिसऱ्या गाण्याच्या शेवटी अंगावर जेवढं ठेवायची परवानगी असते तेवढं. लोकांना वाटतं, कपडे काढायचं काम. कपडे काय, अंघोळीला सगळेच काढतात. किती उशिरा काढायचे यात सगळी विद्या आहे. ती मी कितीतरी पोरींना शिकवली, म्हणून क्लबात मला सगळे मास्तरीण म्हणत.

रात्रीची पाळी पोरींची आणि दुपारची आमची, असा न बोलता ठरलेला नियम होता. आमची म्हणजे माझी आणि चिमणीची. मदतीला एक-दोन नव्या पोरी, हात बसावा म्हणून. दुपारचं गिऱ्हाईकही तसंच. पेपर घेऊन बसणारा एक पेन्शनर, रात्रपाळी करून आलेले दोघेतिघे, आणि ज्यांना घरी जायचं नसतं असे. टाळ्या कुणी वाजवत नाही. दुपारी टाळ्या वाजवायला माणसाला लाज वाटते.

त्या दिवशी मॅनेजर जिना चढून वर आला. सौम्य माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. दारात उभा राहून म्हणाला, “मास्तरीण, दिवे जरा कमी करू का?”

एकोणीस वर्षांत त्यानं मला दिव्यांचं कधी विचारलं नव्हतं. मग त्यानं उरलेलं सांगून टाकलं. पुढच्या महिन्यापासून दुपारी एकच मोठी बाई ठेवायची, असं वरून आलं होतं. कोण ते अजून ठरलेलं नव्हतं. ते ‘अजून’ त्यानं चांगल्या मनानं जोडलं, हे मला कळलं.

चिमणी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी तिनं सगळं करून घेतलं होतं. पापण्या, हनुवटीखालचं, छाती, पोट. आमच्यात वैर नव्हतं. तिनंच मला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. म्हणाली, जाऊन तर ये, नुसतं बघायला काय जातंय.

२

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. टेबलावर एक पाण्याचा ग्लास आणि दुसरं काही नाही. त्यांनी मला गोड बोलून फसवलं नाही, हे आधी सांगते. चेहऱ्याला काय होईल, पोटाला काय, छातीला काय, किती दिवस झोपून राहायचं, टाके कुठं येतील, काय बिघडू शकतं, सगळं सांगितलं. मी विचारलं, किती वर्षं मिळतील. म्हणाल्या, “पाच धरा. पण गुडघ्याला माझ्याकडे उपाय नाही. तो एकेचाळीसचाच राहील.”

पैशांचा प्रश्न नव्हता, ते साठवलेले होते. प्रश्न फक्त हो म्हणायचं की नाही, एवढाच होता.

मग आतल्या खोलीत फोटो. पांढरी भिंत, तिच्यावर उंची मोजायची पट्टी, समोर, डावीकडे, उजवीकडे. अंगावर जांभळ्या पेनानं रेघा. कॅमेऱ्यापुढे उघडं उभं राहायची मला सवय आहे, पण तिथं गाणं नव्हतं. बिनगाण्याची मी कधी अशी उभी राहिले नव्हते. हात कुठे ठेवावेत कळेना.

नंतर त्यांनी संगणकावर ऑपरेशननंतरची मी दाखवली. अलीकडे मी, पलीकडे ती. तीच भिंत, तीच पट्टी, तेच हात तसेच बावळट लोंबणारे. पण गळा ताठ, पोट सपाट, डोळे पुरते उघडे. मी सुंदर दिसेन असं वाटलं होतं. ती तशी सुंदर नव्हती. ती ताजी होती. नुकतीच झोपून उठल्यासारखी.

“तुम्हीच आहात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बहुतेक सगळ्यांनाच म्हणत असतील.

मी पंधरा दिवसांची मुदत मागितली. घरी येऊन साबणानं रेघा धुतल्या. पोटावरची एक काही केल्या जाईना. कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत, खाली. दोन दिवसांनी आपोआप गेली.

३

मग बुटांचं सुरू झालं.

डॉक्टरीणबाईंकडे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी. नेहमीप्रमाणे मी पहिली आले होते, कुलूप मीच काढलं होतं. गुडघा शेकून झाला, चेहरा झाला, फळीवरून बूट काढले आणि डावा पाय आत घातला. घातला तसा काढून घेतला.

आत ऊब होती.

कुणी नुकताच काढून ठेवलेला बूट कसा असतो, तसा. तळ ओलसर. माझं डावं पाऊल उजव्यापेक्षा अर्ध्या बोटानं लहान आहे, म्हणून माझ्या बहिणीनं, ताईनं, त्या बुटात एक जाड गादी शिवून दिलेली आहे. ती गादी तर चिंब होती.

माणूस आधी साधा विचार करतो. फळीमागून गरम पाण्याचा नळ जात असेल, असा मी केला. नळ होता. हात लावून पाहिला, गार. मग वाटलं, रात्रीच्या पाळीतल्या कुणीतरी वापरले असतील. पण रात्रीचा खेळ पहाटेआधी संपतो आणि आता दुपारचा दीड वाजला होता. घाम एवढा वेळ गरम राहत नाही.

पोरी आल्यावर विचारलं, तर एक जण म्हणाली, मास्तरीणबाई, तुमच्या बुटात पाय घालायची आमची कुठं लायकी. सगळ्या हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी बूट गार होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा ऊब. मी ते पिशवीत घालून घरी न्यायला लागले. पिशवी माझ्या पलंगाखाली. सकाळी काढले तर गादी ओली.

मी झोपेत चालते की काय, असं मनात आलं. गुडघेदुखीसाठी रात्री गोळी घ्यायचे, तिनं काहीही होऊ शकतं. गोळी बंद केली. दुखणं वाढलं, बाकी काही बदललं नाही.

चिमणीला हे सांगितलं नाही. तिला ऑपरेशनचंच विचारलं. खरं सांग, म्हटलं, पश्चात्ताप होतो का. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं, माझं बोट धरलं आणि स्वतःच्या कानाखाली, जबड्यावर टेकवलं.

“दाब.”

मी दाबलं.

“जोरात.”

नख रुतेपर्यंत दाबलं. ती आरशात शांतपणे बघत होती. “बघ,” म्हणाली, “तू हात लावलायस हे मला आरशातून कळतंय. डॉक्टर म्हणाली होती, येईल हळूहळू. दोन वर्षं झाली. पण काम चालू आहे ना माझं.” आणि ओठांना रंग लावायला लागली.

४

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. खाली तिचं शिवणाचं दुकान, वर आम्ही दोघी राहतो. लग्न तिनं केलं नाही, माझं टिकलं नाही. माझे स्टेजचे सगळे कपडे पहिल्या दिवसापासून तिनंच शिवले. हे काम तिला आवडतं असं नाही, पण दुसऱ्यानं शिवलेलं माझ्या अंगावर आलं तर तिला ते अजिबात खपत नाही. तिच्या डोळ्यांत पडदा वाढतोय. सुईत दोरा आता मी ओवून देते, दहा-बारा सुया एकदम, सकाळी निघायच्या आधी.

त्या दिवशी सुया ओवत होते तेव्हा ती काळ्या पोशाखाची कंबर आत घेताना दिसली. मी म्हटलं, अगं, तो मला बरोबर होतो, उसवलास कशाला.

“कालच तर म्हणालीस ना, ढगळ होतोय म्हणून.”

काल मी दुकानात पायही टाकला नव्हता. सुया वरच ओवल्या, अकराला निघाले ती मागच्या जिन्यानं, आणि आले तेव्हा दुकान बंद होतं. तसं तिला सांगितलं. तिनं वही पुढे केली. माझ्या नावाचं पान. जुनी मापं खोडून नवी लिहिलेली, तिच्या मोठ्या गिचमिड अक्षरात. कंबर दोन इंचांनी कमी. छातीचं माप बदललेलं.

“दुसरी कुणी असेल, ताई. तुला नीट दिसत नाही.”

“दिसत नाही हे खरं,” ती म्हणाली. “पण तुझं अंग मला डोळ्यांनी कधी बघावं लागलंय? ही कंबर मी तू सहा महिन्यांची असल्यापासून धरतेय. काल धरली ती तूच होतीस. बारीक झालीस एवढंच. जेवत नाहीस का?”

मग मला ऑपरेशनचं सांगावंच लागलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. बराच वेळ उसवलेली शिवण बोटांनी चाचपत बसली.

“हे बघ,” शेवटी म्हणाली, “कापड एकदा उसवलं आणि परत शिवलं, तरी पहिल्या टाक्यांची भोकं राहतात. वरून इस्त्री कितीही फिरव. माझं आपलं शिवणापुरतं ज्ञान. तुझं तू ठरव.” आणि जरा थांबून, “पण काल आलीस तेव्हा तर ठरलंय म्हणालीस.”

मी वर गेले आणि आरशासमोर फितीनं स्वतःची कंबर मोजली. जुनंच माप होतं. दोनदा मोजली. ताईच्या ग्राहकांत माझ्या बांध्याची, माझ्या आवाजाची एखादी बाई असणं अशक्य नव्हतं. पडदा आलेले डोळे, सवयीचे हात, वहीचं चुकीचं पान. अशा चुका म्हाताऱ्या शिंप्यांच्या रोज होत असतील. मी हे सगळं स्वतःला नीट समजावून सांगितलं, आणि तो काळा पोशाख कपाटात अगदी मागे ढकलला.

५

पंधरातले अकरा दिवस गेले होते. गुडघा इतका सुजला होता की पट्टा बसेना. मी तयार होऊन खुर्चीत बसले होते, एक पाय दुसऱ्या खुर्चीवर.

आमच्याकडे रीत अशी. तयार झालं की जिन्याजवळचं बटण दाबायचं. खाली मॅनेजरपुढे दिवा लागतो, मग तो माइकवरून नाव पुकारतो, गाणं लागतं, तोवर आपण जिना उतरून पडद्यामागे. मी बटण दाबलं नव्हतं. पाच मिनिटं आणखी बसावं असा विचार होता.

खाली माझं नाव पुकारलं गेलं. गाणं लागलं.

मॅनेजरच्या हातून चूक झाली असं वाटून मी उठायला गेले, आणि तेवढ्यात जमिनीखालून टाचा ऐकू आल्या.

लाकडाच्या त्या जमिनीतून खालचं सगळं कळतं. कोण नाचतंय हे मी वर बसून टाचांवरून सांगू शकते. चिमणी टाच घासते. पोरी धाड धाड आपटतात. या टाचा माझ्या होत्या. माझी चाल, माझं खांबाभोवतीचं पहिलं वळण, दुसऱ्या कडव्याला मागे घेतलेली चार पावलं. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते आणि माझे पाय जागच्या जागी तो नाच ओळखत होते.

दुसऱ्या गाण्यात एक गिरकी आहे, तिच्याआधी मी थांबते. दोन अंक मोजून. लोकांना ती अदा वाटते. पोरींना मी ती अदा म्हणूनच शिकवली. खरं तर गुडघा जागेवर बसायला तेवढा वेळ लागतो. खालच्या टाचा त्या जागी आल्या. मी मनात मोजायला लागले, एक.

ती थांबली नाही. सरळ फिरली.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी पहिल्यांदा मला जे वाटलं ती भीती नव्हती. मला बरं वाटलं. चला, आज आपल्याला करावं लागत नाहीये. मी परत खुर्चीत बसलेसुद्धा. शाळेला सुट्टी असल्याचं अंथरुणात आठवावं, तसं झालं. भीती त्यानंतर आली, ती या बऱ्या वाटण्याचीच.

तिसरं गाणं संपलं आणि टाळ्या वाजल्या. दुपारी तीन वाजता.

मी उतरले. सतरा पायऱ्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वर यायला हाच एक जिना आहे आणि माझ्या शेजारून कुणी वर गेलं नाही. पडद्यामागे कुणी नव्हतं. स्टेज रिकामं, दिवे पूर्ण लागलेले. मॅनेजरनं कमी केले नव्हते. पेन्शनरानं पेपर खाली ठेवला होता. मी हात लांब करून खांबाला लावला. छातीच्या उंचीला लोखंड गरम होतं आणि ओलं होतं. माझा हात झटकन मागे आला, दुसऱ्याच्या हाताला चुकून लागावा तसा.

मॅनेजर ग्लास पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “आज गुडघा बरा दिसतोय. आणि ते मध्येच थांबणं काढून टाकलंत, छान केलंत.”

“तुम्ही मला पाहिलंत?”

“म्हणजे?”

“नीट पाहिलंत का?”

आता त्यानं वर पाहिलं. बघत राहिला. त्याचा फडका थांबला. “दिव्यात वेगळं दिसतं, मास्तरीण,” शेवटी म्हणाला. “दमलेल्या दिसताय. घरी जा. तुमचं झालंय आजचं.”

मी परत वर गेले. चिमणी आली होती. पाठमोऱ्या मला तिनं मागून मिठी मारली. “लबाडे,” म्हणाली, “सांगितलं पण नाहीस. केव्हा करून घेतलंस? काय सुरेख झालंय.” मी वळले. बल्बच्या उजेडात तिनं माझा चेहरा पाहिला. तिचे हात माझ्या खांद्यांवरून हळूहळू खाली आले. मघाशी खाली, असं काहीतरी ती बोलायला गेली. मग तिनं आपली रंगांची पेटी उचलली आणि पलीकडच्या, बल्ब गेलेल्या आरशापाशी जाऊन बसली.

६

चौदाव्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले, नाही म्हणायला.

रात्रभर विचार करून मला एकच गोष्ट स्वच्छ कळली होती. कापण्याची मला भीती नव्हती. भूल, टाके, बधिर कातडी, हे सगळं मी सोसलं असतं. मला भीती होती ती ऑपरेशन यशस्वी होण्याची. पाच वर्षं मिळाली तर ती करावी लागणार होती. पाच वर्षं रोज बाराला ते कुलूप, ती गरम पाण्याची पिशवी, तीन गाणी. मी एवढी दमले होते, आणि ते मला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. आग्रह केला नाही. म्हणाल्या, ठीक आहे, तुमचे फोटो मी पुसून टाकते, तुमच्या समोरच टाकते. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

अलीकडच्या बाजूचे फोटो होते. मी, समोरून, डावीकडून, उजवीकडून. जांभळ्या रेघा, लोंबणारे हात.

पलीकडे पांढरी भिंत होती. भिंतीवर उंचीची पट्टी, आकडे स्वच्छ वाचता येत होते. पुढे कुणी नव्हतं. समोरून, डावीकडून, उजवीकडून, नुसती भिंत.

डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन बटणं दाबली. “असं कधी होत नाही,” म्हणाल्या. “मशीनमध्ये काहीतरी बिघाड असेल.” मीही म्हटलं, असेल. त्यांनी ग्लासातलं पाणी एका घोटात संपवलं. मग अलीकडचे फोटो पुसले, एकेक करून, आणि ती भिंत तेवढी राहू दिली. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तिथून मी क्लबात गेले नाही. किल्ली माझ्याकडेच होती. पाकिटात घालून पोस्टानं पाठवली. सोबत मॅनेजरला चार ओळी, की मी काम सोडतेय, दुपारची पाळी चिमणीला द्यावी.

उत्तर आलं नाही. आठवड्यानं चिमणीचा फोन आला. तिला काढलं होतं. रागात नव्हती, उलट जपून जपून बोलत होती, परक्या माणसाशी बोलावं तसं. “तुझं चांगलं चाललंय,” म्हणाली. “रात्रीची पाळी दिली म्हणे तुला. या वयात कुणाला मिळाली नव्हती.” मी म्हटलं, चिमणे, मी घरी आहे, ताईच्या दुकानात काज-बटणं करतेय. मग तिनं विचारलं, “मग मी कुणाशी बोलतेय?” आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. ती उचलत नाही.

७

उन्हाळा सरला. दुकानात काम पुष्कळ होतं आणि मला ते येत गेलं. बसून करायचं काम माझ्या वाट्याला जन्मात पहिल्यांदा आलं होतं. तुरपाई, काज, पट्टी खाली सोडणं. गुडघ्याची सूज उतरली. दुपारी दोन वाजले की अंगात एक कळ यायची, आणि सव्वादोनला जायची. ताई जुन्या दिवसांबद्दल काही विचारायची नाही. कधी कधी मी समोर बसलेली असताना ती माझ्या आवाजाच्या दिशेनं हात लांब करायची, मनगट धरायची, बोटांनी मोजल्यासारखं करायची आणि सोडायची. मी म्हणायचे, काय गं. ती म्हणायची, काही नाही.

आणि मग ती दुपार. मागच्या खोलीत मी अस्तर कापत होते. दुकानाच्या दाराची घंटा वाजली, ताईचं बोलणं ऐकू आलं. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, “अगं, जरा खालची पट्टी धरून दे. मला दिसत नाहीये.”

टाचण्या ओठांत धरून मी पडद्यापलीकडे गेले.

माप द्यायच्या स्टुलावर एक बाई उभी होती. पोशाख डोक्यावरून घालताना वरच्या वर अडकला होता. हात वर, चेहरा कापडाच्या आत. ताई मागच्या बाजूनं हूक सोडवत होती. मी नेहमीसारखी खाली गुडघ्यांवर बसले आणि कापडाची कड हातात घेतली. समोर तिचं पोट होतं. कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत, खाली, गुलाबी रंगाची बारीक सरळ ओळ. भरलेली, सुकलेली, नीट शिवलेली.

मी पहिली टाचणी लावली. दुसरी लावली. हातांना काम असलं की ते करत राहतात.

तिच्या पोटऱ्या माझ्या डोळ्यांपुढे होत्या आणि त्या थरथरत होत्या. मी त्या थरथरीला ओळखते. थंडीची ती नसते, भीतीचीही नसते. कापडाच्या आतून ती बोलली.

“ताई, दमले गं.”

आवाज माझा होता. तोंडात टाचण्या नसत्या तर मलाच वाटलं असतं की मी बोलले.

“मग बस ना,” ताई म्हणाली. इतक्या मायेनं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “उभी राहा असं कुणी सांगितलंय तुला?”

कुणाला म्हणाली, कळलं नाही. मी बसलेलीच होते. स्टुलावरची हलली नाही.

हूक सुटला. कापड सरकायला लागलं. मान वर केली असती तर दिसलं असतं, तेवढा वेळ होता. मी मान आणखी खाली घातली आणि तिसरी टाचणी लावत बसले. एक हात खाली आला, हवेत चाचपडला, आणि माझ्या डोक्यावर टेकला. त्या हाताचा आधार घेऊन ती स्टुलावरून उतरली. सगळा भार माझ्या मानेवर आला. हवेचा नव्हता तो, सावलीचा नव्हता. बाईच्या अंगाचा पुरा भार, दिवसभर उभ्या असलेल्या बाईचा. मग तो उचलला गेला.

कपडे बदलल्याची सळसळ. दाराची घंटा. रस्त्यावरचा आवाज आत येऊन परत बंद झाला.

ताई स्टुलाभोवती हात फिरवत पुढे आली. तिचा पाय माझ्या पायाला लागला आणि ती दचकली.

“अगं बाई, आहेस होय,” म्हणाली. “मला वाटलं, गेलीस.”

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी नुसती मान हलवली. तिला ती दिसली नाही, आणि तिनं परत विचारलं नाही.